बाबांची पट्टी

रेकॉर्डिंगच्या पहिल्या पट्टीवर बाबा असायला हवे होते. मी बाकीच्या तिन्ही पट्ट्या बंद केल्या, हेडफोन कानांवर नीट बसवले, रेकॉर्डिंग लावलं, आणि तिथे मी होतो. स्वच्छ, खणखणीत, घसा खाकरून तयार. “हं, तर बाबा, आज आपण तुमच्याविषयी बोलणार आहोत,” असं मी सभेत पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या माणसाच्या सुरात म्हणालो, आणि त्यानंतर कुठून तरी लांबून, बंद दाराआडून यावा तसा एक घोगरा आवाज आला, “बोला की.” मला वाटलं, पट्ट्यांची अदलाबदल झाली. चौथी पट्टी माझी होती. ती एकटी लावून पाहिली. तिथेही मीच. तोच घसा, तेच खाकरणं, तेच लांबून आलेलं “बोला की.” मग दोन्ही पट्ट्या पडद्यावर एकाखाली एक आणल्या आणि मोठ्या करून पाहिल्या. आवाजाचे चढउतार दाखवणारी रेघ दोन्हीकडे तंतोतंत सारखी होती. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा. शनिवारची दुपार होती. पंख्याची घरघर सोडली तर घरात शांतता होती आणि पलीकडच्या खोलीत बाबा झोपले होते. पूर्वी ते झोपले की भिंतीपलीकडून कळायचं. आता त्यांना घोरतासुद्धा येत नव्हतं. मी हेडफोन टेबलावर ठेवले आणि तहान नसताना स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

घरच्या कॉम्प्युटरवर चार माइक एकाच वेळी घेणं दिसतं तितकं सोपं नाही, हे मी गेल्या दोन महिन्यांत भेटेल त्याला ऐकवलं होतं. ऑफिसात ऐकवलं, ताईला फोनवर ऐकवलं, बायकोला तर जेवताना रोज. कॉम्प्युटरला एक माइक कळतो. दुसरा लावला की तो पहिल्याला विसरतो. चौघांना एकत्र नांदवायचं तर त्याला आधी फसवावं लागतं, चार माइक म्हणजे एकच मोठा माइक आहे असं पटवावं लागतं, आणि मग त्या एकातून चार वेगळ्या पट्ट्या काढाव्या लागतात, म्हणजे ज्याचा आवाज त्याच्या पट्टीवर. हे सगळं मी लोकांचे व्हिडिओ बघून शिकलो होतो आणि शिकल्याचा टेंभा मिरवत होतो. माझं रोजचं काम नकाशे काढण्याचं. दुसऱ्यांच्या घरांचे जिने आणि न्हाणीघरं मी कॉम्प्युटरवर काढतो, भिंतींचा थर वेगळा, नळांचा वेगळा, विजेच्या तारांचा वेगळा, आणि हवा तो थर ठेवून बाकीचे बंद करता येतात. तेव्हा माणसांचेही थर असेच वेगळे ठेवता येतील ह्या कल्पनेनेच मी हरखलो होतो. दोन माइक चांगले आणले, अगदी सारखे, एकाच कंपनीचे, टेबलावर उभे राहणारे. एक बाबांना, एक मला. ताईला आणि बायकोला कॉलरला अडकवायचे साधे माइक. बाबांना चांगला का ते सगळ्यांना समजत होतं. मला चांगला का, हे कोणी विचारलं नाही. प्रश्न मी विचारणार म्हणून, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

आणि गोची तिथेच झाली होती. दोन माइक एकाच बनावटीचे, म्हणून कॉम्प्युटरच्या यादीत दोन ओळी एकाच नावाच्या. पहिल्या पट्टीला मी त्यातली एक ओळ निवडली आणि चौथीलाही तीच. दोन्ही वेळा माझाच माइक. आदल्या दिवशी तपासून पाहिलं होतं, नाही असं नाही. पण तेव्हा चारही माइक टेबलावर एकाशेजारी एक पडलेले होते आणि मी एकटा मध्ये बसून “एक, दोन, तीन” करत होतो. चारही पट्ट्या हलल्या. नाचल्याच म्हणा. मी स्वतःवर खूश होऊन कॉम्प्युटर बंद केला.

ती पट्टी पुन्हा भरून काढता येणार नव्हती. ते रेकॉर्डिंग झालं रविवारी आणि मंगळवारी बाबांचं स्वरयंत्र काढलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ पसरली आहे, आवाज ठेवायचा म्हटलं तर माणूस ठेवता येणार नाही. बाबा तेव्हा म्हणाले होते, “तीस वर्षं पुरेसं बोललोय मी. गावाचे कान किटले.” ते बसस्थानकावर निवेदक होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते हे सांगायचे. त्यांचा आवाज ऐकून गाडी पकडलेली माणसं हजारोंनी असतील, आणि आवाज साठवून ठेवावा असं त्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं. ते मला वाटलं. ती कल्पना माझी होती, एवढं तरी श्रेय मला घ्यायला हरकत नाही, असं मी त्या दुपारपर्यंत समजत होतो.

त्या शनिवारी सकाळीच बाबांनी विचारलं होतं. ते आता हातात मावेल एवढ्या पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलतात. गळ्याला मऊ कापड बांधलेलं असतं, त्याखालच्या भोकातून श्वास येतो-जातो, आणि लिहिताना तो जरा जोरात येतो. चहाचा कप बाजूला सरकवून त्यांनी लिहिलं, “ते ऐकव ना.” मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, “बाबा, अजून साफ करायचंय ते. कच्चं आहे. असं नाही ऐकत.” खरं म्हणजे पाच आठवड्यांत मी ते उघडलंच नव्हतं. आधी दवाखान्याची पळापळ होती, नंतर भीती होती. तो आवाज आता जगात फक्त त्या डब्यात आहे, ही भीती. तिला मी “साफ करायचंय” म्हणत होतो. बाबांनी फळा पुसला आणि त्यावर पुन्हा लिहिलं, “कच्चं चालेल.” बायको औषधांच्या दुकानात कामाला निघाली होती. तिने दारातून माझ्याकडे पाहिलं. तिचं ते पाहणं मला ओळखीचं आहे. मी म्हणालो, “उद्या ताई येतेय ना, तेव्हा सगळे मिळून ऐकू.” सारवासारव करायला मी पहिल्यापासून हुशार.

पाणी पिऊन आलो आणि पुन्हा बसलो. ताईच्या पट्टीवर बाबा ऐकू येतात का ते पाहिलं. तिच्या कॉलरवरचा माइक तिच्या ओढणीला घासत होता. सगळी खसखस, त्यात ताईचं हसणं, आणि बाबा जवळजवळ नाहीतच. बायकोच्या पट्टीवर तिच्या बांगड्यांचे आवाज आणि दूरवर कुठेतरी एक पुरुष बोलतो आहे एवढंच. बाबा होते ते फक्त माझ्या माइकमध्ये. माझ्या बोलण्यामागे उभे. म्हणजे बाबांना ऐकायचं तर मला ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. तेवढ्यासाठी का होईना ऐकू लागलो. पहिली अकरा मिनिटं आश्चर्य वाटावं इतकी बरी होती. “बोला की”नंतर बाबांचा आवाज हळूहळू जवळ आला. कुणीतरी खुर्ची सरकवली, लाकडाचा आवाज आला, आणि मग ते अगदी माझ्या शेजारी बसून बोलत असावेत असे बोलायला लागले. घोगरे, पण स्पष्ट. “नोकरीचा पहिला दिवस सांगतो,” म्हणाले. “खोलीत बसलो, कागद हातात घेतला, आणि तासभर घसा ताणून सगळ्या गाड्या पुकारल्या. छातीठोक. तासाने एक ड्रायव्हर काचेवर टकटक करून म्हणतो, साहेब, तुमचं तोंड हलताना दिसतं, पण आवाज कुठंय? बटणच दाबलं नव्हतं मी. दिवा बघायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून एक सवय लागली. बोलायच्या आधी दिवा बघायचा.” आणि ते थांबले. त्या थांबण्यात काहीतरी होतं. आणि तिथे मी म्हणालो, “बाबा, हे आम्हाला माहीत आहे हो. शंभरदा ऐकलंय. आईचं सांगा.”

शंभरदा ऐकलेलं होतं हे खरं आहे. लहानपणी तर तो आवाज घरात कमी आणि बाहेर जास्त ऐकला. शाळा बसस्थानकाच्या मागच्या रस्त्याला होती. भूगोलाच्या तासाला खिडकी उघडी असली की वरच्या भोंग्यांतून यायचं, “प्रवाशांनी लक्ष द्यावं,” आणि मागच्या बाकावरचा एक जण नाक दाबून तंतोतंत तसंच म्हणायचा. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो, जरा जास्तच मोठ्याने, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. बाबा ऑफिसात असतात, एवढंच मी सांगितलेलं होतं. मग सातवीत शाळेची सहल निघाली आणि ती नेमकी बसस्थानकावरून. रांगेत उभे होतो, चौकशीच्या खिडकीपाशी, आणि बाबांनी काचेतून मला पाहिलं. खिडकी सरकवून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, “डबा घेतलास ना रे?” त्या मागच्या बाकावरच्याने लगेच विचारलं, “हा भोंगा तुझा कोण?” मी म्हणालो, “आमच्या शेजारी राहतात.” बाबा हातभर अंतरावर होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. पण ते त्या मुलाकडे बघून हसले आणि म्हणाले, “हो रे, शेजारचाच मी. नीट जा सगळे. खिडकीबाहेर हात काढू नका.” खिडकी बंद केली, आणि वरून त्यांचा आवाज आला, आमच्या गाडीचा फलाट सांगणारा, रोजच्यासारखा. संध्याकाळी घरी आलो तेव्हा त्यांनी सहल कशी झाली एवढंच विचारलं. आईलाही काही सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर मार बसला असता आणि प्रकरण मिटलं असतं. ते मिटलंच नाही. चाळीस वर्षं झाली, अजून ते तसंच आत पडून आहे, आणि बाबांच्या आवाजाचं काही चांगलं करावं असं जेव्हा मला वाटतं तेव्हा त्याच्या मुळाशी ते असतं की नाही, हे मी कधी तपासलेलं नाही.

अकराव्या मिनिटाच्या शेवटी माझा आवाज आला. थोडा वैतागलेला. खरं तर बराच. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला एक गोष्ट सारखी खटकत होती, ती आता मला आठवली. बाबा सारखे माझ्याकडे झुकत होते. मी एवढा चांगला माइक त्यांच्यासमोर नेमका एक वीत अंतरावर मांडलेला, आणि हे खुर्ची सरकवून माझ्या खांद्याशी. मला वाटलं, म्हातारपण. मला वाटलं, कमी ऐकू येतंय. मला असंही वाटलं की परवा ऑपरेशन आहे म्हणून मुलाच्या जवळ बसावंसं वाटत असेल, आणि ते वाटूनही मी म्हणालो, “बाबा, माझ्याकडे नका बघू. सरळ बसा आणि समोर बोला. तुमचा माइक तो आहे.” रेकॉर्डिंगमध्ये त्यावर बाबा म्हणतात, “अरे, पण ह्याचा दिवा—” आणि मी त्यांना वाक्य पुरं करू देत नाही. “बाबा, मी बघतोय ना. सगळं व्यवस्थित आहे. तुम्ही फक्त बोला.” मग ताईचा आवाज, “इंजिनीअरसाहेब सांगतील तसं करा बाबा, नाहीतर आपल्याला हाकलून देतील.” हशा. खुर्ची पुन्हा लाकडावर घासते. आणि बाबा लांब जातात.

दिवा. त्या माइकला पुढच्या बाजूला बारीक दिवा आहे. आवाज घेत असला की हिरवा, नसला की लाल. माझ्या माइकचा दिवा माझ्याकडे होता, हिरवा. बाबांच्या माइकचा त्यांच्याकडे होता. चौघांपैकी तो फक्त त्यांनाच दिसत होता. ज्या माणसाने तीस वर्षं दिवा बघितल्याशिवाय तोंड उघडलं नाही, त्याला मी माइकवर कसं बोलायचं ते शिकवत होतो. कानशिलं गरम झाली. मी एकटाच होतो, बघायला कुणी नव्हतं, तरी मान आपोआप खाली गेली. थांबवावं असं वाटत होतं आणि थांबवत नव्हतो, दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावी तसं. पुढचा पाऊण तास बाबा बंद माइकसमोर सरळ बसून बोलत होते. आईचं सांगत होते. आई चौकशीच्या खिडकीवर हरवलेली छत्री विचारायला आली, हे आम्हाला ठाऊक होतं. पण पुढे ते काहीतरी नवीन सांगत होते, ताईच्या “अय्या, खरंच?” वरून ते कळत होतं. आणि त्या जागी मी “हं... हं...” करत होतो. मुलाखत घेणाऱ्याने अधूनमधून हुंकार द्यावा, म्हणजे बोलणाऱ्याला धीर येतो, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. छत्रीची गोष्ट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मी एकतीस वेळा हुंकार दिला आहे. “मग तुझी आई म्हणाली” एवढं कळतं, आणि मग मी, “हं.” आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, माझे हुंकार एकेक करून कापून टाकले. जिथे मी होतो तिथे आता भोक पडलं, एवढंच.

खांद्यावर हात पडला तेव्हा मी दचकलो. बाबा मागे उभे होते. त्यांच्या येण्याची आता चाहूल लागत नाही, खाकरणं नाही, “काय चाललंय” नाही. किती वेळ उभे होते कोण जाणे. हेडफोनमधलं त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, पण पडदा दिसत होता. त्यांनी चष्मा वर केला, वाकले, आणि एक बोट पहिल्या पट्टीवर ठेवलं, दुसरं चौथ्या. मग दोन्ही बोटं एकदम रेघेवरून पुढे सरकवली. वर, खाली, वर, खाली. सारखी. “बाबा,” मी म्हणालो, आणि हेडफोनची वायर उपटून काढली. आवाज खोलीत मोकळा झाला. मी सुरुवातीपासून लावलं. स्वतःचा गेलेला आवाज माणूस कसा ऐकतो हे मला पाहायचं नव्हतं, म्हणून मी पडद्याकडे पाहत राहिलो. ते खुर्ची ओढून बसले होते. बटण न दाबल्याच्या गोष्टीला त्यांच्या गळ्याच्या कापडाखालून दोनदा फुस्स असा वारा सुटला. ते हसत होते. हसणं आता तसं होतं.

अकरा मिनिटं संपत आली तेव्हा मी बंद केलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, “पुढे?” मी म्हणालो, “पुढे नीट नाही आलं.” त्यांनी त्याच शब्दाखाली रेघ मारली. पुढे? मग लावलं. सरळ बसा. तुमचा माइक तो आहे. अरे, पण ह्याचा दिवा. बाबा, मी बघतोय ना. ते ऐकताना मी टेबलाच्या कडेचा निघालेला पातळ पापुद्रा नखाने उपटत होतो, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. छत्रीच्या गोष्टीतले सगळे हुंकार त्यांनी ऐकून घेतले. मग हात वर केला, बस झालं असा, आणि फळ्यावर बारीक अक्षरात लिहायला लागले. त्यांचं अक्षर सुरेख आहे. “दिवा लाल होता. म्हणून तुझ्या माइकपाशी सरकलो.”

म्हणजे ते झुकणं म्हातारपण नव्हतं आणि परवाच्या ऑपरेशनची भीतीही नव्हती. त्यांना आपला आवाज उरायला हवा होता. माझ्याहून त्यांना ते जास्त हवं होतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. गावाचे कान किटले वगैरे त्यांनी डॉक्टरांना हसवण्यासाठी म्हटलेलं मी खरं धरून चाललो होतो. आपला माइक मेलेला आहे हे त्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. मुलाचा पाणउतारा न करता ते गुपचूप जिवंत माइककडे सरकले, गोष्टीतून सुचवून पाहिलं, शेवटी सरळ सांगायला गेले, आणि मी त्यांना उचलून परत मेलेल्या माइकसमोर बसवलं. हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि तरी मी काय बोललो तर, “मग परत सांगायचं ना बाबा! जरा जोरात सांगायचं!” जणू चूक त्यांचीच. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. बाबांनी फळा पुसला. सावकाश पुसला, हाताने, आणि लिहिलं, “तू चिडला असतास.”

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. अमुक नंबरची गाडी अमुक फलाटावर, तसं साधं निवेदन होतं. ते उठले, माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि आपल्या खोलीत गेले. मी मात्र तिथेच बसून हिशोब करत राहिलो, मी असा किती वेळा चिडलो असेन, की परवा गळा कापून घ्यायचा आहे तो माणूससुद्धा आधी माझ्या चिडण्याचा विचार करतो. आठवायला बसलं की संपत नाही. रिमोटवरून. मोबाइल शिकवताना. औषधाची गोळी कोणती, हे दुसऱ्यांदा विचारलं म्हणून. माझ्या आवाजातला तो सूर मी कधी बाहेरून ऐकला नव्हता. आता ऐकला होता, दोन-दोन पट्ट्यांवर. बायको संध्याकाळी घरी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पर्स हातात धरून ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “ताईंना उद्या तूच सांग. आधी सांग.” मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

रविवारी ताई आली ती फळांची पिशवी आणि रुमाल घेऊनच, रडण्याची तयारी करून. ती शिवणकाम करते, नवऱ्या मुलींचे कपडे, आणि रविवार मोडणं तिला परवडत नाही, पण आली. “लाव रे इंजिनीअरसाहेब,” म्हणाली. “आठवडाभर वाट बघतेय. बाबांचं ते ‘प्रवाशांनी लक्ष द्यावं’ ऐकायचंय मला. माझ्या फोनची घंटी करणारे मी ती.” बाबा तिच्या शेजारी बसले होते, मांडीवर फळा घेऊन. बायको माझ्यासमोर उभी होती. मी म्हणालो, “ताई, एक सांगायचंय.” “म्हणजे झालं असं की त्या दिवशी बाबांचा माइक जो होता...” आणि थांबलो. शब्द जुळवत होतो. खरं सांगायचे शब्द नव्हे. दोन सारख्या नावांचे, यादीतल्या ओळींचे, कॉम्प्युटरच्या चुकीचे. तेवढ्यात बाबांनी फळा उचलून ताईसमोर धरला. त्यांनी तो आधीच लिहून ठेवलेला होता. “माझ्या हातून बटण बंद झालं. थोडंच आलंय.”

“बाबा!” ताई ओरडली. “अहो, कशाला हात लावलात? तरी तो सांगत होता, कशाला हात लावू नका म्हणून! तीस वर्षं माइकवर बसलात आणि...” मग तिला एकदम भरून आलं आणि तिने त्यांचा हात धरला. “जाऊ दे. जाऊ दे, असू दे. पण तू तरी बघायचंस ना रे, चालू आहे का ते?” हे मला. मी म्हणालो, “हो ना. बघायला हवं होतं.” इतक्या सहज म्हणालो. बायको वळली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते फळा पुसत होते. शेजारचाच मी, नीट जा सगळे.

ताईने डोळे पुसले. “आहे तेवढं तर लाव.” मी चौथी पट्टी ठेवली, बाकीच्या बंद केल्या आणि चालू केलं. “बोला की,” बाबा लांबून म्हणाले, आणि मग खुर्चीचा आवाज, आणि मग ते खोलीत आले. ताईने तोंडावर पदर धरला. पहिला दिवस, कागद, ड्रायव्हर, काचेवरची टकटक. ताई हसत होती आणि रडत होती. मी म्हणालो, शंभरदा ऐकलंय, आईचं सांगा. ताईला त्यात काही गैर वाटलं नाही, आम्ही घरात असेच बोलतो. मग रेकॉर्डिंगमधल्या तिच्याच आग्रहावरून त्यांनी गाडी पुकारली, “प्रवाशांनी लक्ष द्यावं,” घोगऱ्या आवाजात, पण प्रत्येक अक्षर सुटं. पडद्यावरचे आकडे पुढे सरकत होते. दहा वीस. दहा तीस. अकराव्या मिनिटाचा शेवट कुठे आहे हे मला माहीत होतं, आणि शेजारी हालचाल झाली तेव्हा कळलं, बाबांनाही माहीत होतं. कालच्या एका ऐकण्यात त्यांनी ती जागा बरोबर लक्षात ठेवली होती. त्यांचा उजवा हात टेबलावर आला. बोट रेकॉर्डिंग थांबवायच्या लांब बटणावर टेकलं, न दाबता, तयार. तीस वर्षांची सवय, शब्द संपला की बटण सोडायचं, एक श्वाससुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहत होते, चष्मा वर करून.

मी त्यांचं बोट धरलं.

त्यांनी ते सोडवायचा प्रयत्न केला. म्हातारं बोट, पण ताकद होती. कापडाखालून श्वास जोरात आला. मी सोडलं नाही. आणि माझा आवाज खोलीत आला, “बाबा, माझ्याकडे नका बघू. सरळ बसा आणि समोर बोला. तुमचा माइक तो आहे.” “अरे, पण ह्याचा दिवा—” “बाबा, मी बघतोय ना. सगळं व्यवस्थित आहे. तुम्ही फक्त बोला.” ताईचा रुमाल अर्ध्यावर थांबला. स्पीकरमधून तिचाच आवाज आला, इंजिनीअरसाहेब सांगतील तसं करा, आणि आम्हा तिघांचं हसणं. मग खुर्ची घासली आणि बाबा लांब गेले.

ताईने आधी बाबांच्या मांडीवरच्या कोऱ्या फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी डोळे वळवले नाहीत, फार वाटत होतं तरी. बायको खिडकीपासून परत आली. बाबांचं बोट आता ओढत नव्हतं, माझ्या मुठीत नुसतं होतं. स्पीकरमध्ये फार दूर कुठेतरी छत्रीची गोष्ट सुरू झाली, आणि माझा पहिला हुंकार आला, आणि दुसरा. मी बंद केलं नाही.